आजींची पट्टी

आजींची नात चिमणी रात्रभर खाजवत तळमळायची. "जंत असणार," सून म्हणाली, आणि आजींच्या हातातला झाडू थांबला.

"या घरात? फरशीवर वाढून जेवावं असं घर आहे हे."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी काचपट्टी दिली. "या जंताची मादी रात्री बाहेर येऊन शौचाच्या जागेभोवती कातडीवर अंडी घालते. सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी, तिथे चिकटपट्टी दाबायची आणि या काचेवर लावायची."

सकाळी सून चिकटपट्टी घेऊन आली, तर चिमणी आंघोळ करून, पावडर लावून तयार.

"पोरीला पारोशी ठेवून तपासायचं?" आजी म्हणाल्या.

पट्टीवर काहीच सापडलं नाही. आजी दिवसभर गुणगुणत होत्या. रात्री चिमणी पुन्हा रडली.

दुसऱ्या खेपेला चिकटपट्टी आजींच्या मुलाने आणली, खोकी बंद करायची, तपकिरी. बाईंनी ती उजेडात धरली. "यातून सूर्यसुद्धा दिसायचा नाही."

तिसऱ्या खेपेला चिमणीच अडून बसली. "मला नाही लावायची. ओढताना दुखतं."

"काही दुखत नाही. थांब, मी आधी लावून दाखवते." आजी न्हाणीघरात गेल्या, पट्टी घेऊन आल्या आणि नखाने दाबत काचेवर नीट बसवली. मग चिमणीही तयार झाली.

"माझीपण पाठव," आजी सुनेला म्हणाल्या. "काय तो निकाल एकदाच लागू दे."

संध्याकाळी फोन आला. दोन्ही पट्ट्यांवर अंडी होती.

सुनेने एक वाक्य कितीतरी दिवस तयार ठेवलं होतं. पण आजी एकदम खुर्चीवर बसलेल्या पाहून तिने ते गिळलं. "औषध घरातल्या सगळ्यांनाच घ्यायचंय, आई. आणि बाई विचारत होत्या, तुमची पट्टी ठेवून घेऊ का? विद्यार्थ्यांना दाखवायला. एवढी साफ लावलेली पट्टी त्यांच्याकडे नाही म्हणे. एक बुडबुडा नाही."

आजींनी मान वर केली. "चिमणीची नाही मागितली?"

"ती मी लावलेली."

"तुझा हात हलतो गं," आजी मायेने म्हणाल्या.

त्या आठवड्यात एका सकाळी ऊन अंथरुणावर आलं तरी चिमणी गाढ झोपली होती. आजी दारात शेजारणीशी हळू आवाजात बोलत होत्या.

"तुमच्या नातवाचं तपासायचं असेल तर आधी आंघोळ घालू नका हो. सगळं वाया जातं. आणि पट्टी लावायला मला बोलवा."