भटजींचा आवाज जर्मनीहून येतो

हेमकांतच्या मते वायर ही मागासलेल्या लोकांची गोष्ट होती.

कोरीटमध्ये बहिणीचं, दिपालीचं, लग्न ठरलं, तेव्हा त्याने वडिलांना सांगितलं की मांडवातला आवाज आपण इंटरनेटच्या रेडिओवर सोडू. सुरतेची शांतीफुई पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडली होती. वडिलांची एकुलती एक बहीण. तिला भाचीचं लग्न निदान ऐकता यावं. इथवर कोणाची हरकत नव्हती.

"आप्पा, आवाज सर्व्हरवर जाणारच आहे, तर मांडवातले कर्णेही तिथूनच वाजवू," हेमकांत म्हणाला. "प्रत्येक कर्ण्याला एक जुना मोबाइल. वायरच नको." शास्त्राचं बोलायचं झालं की तो शाळेतली मराठी काढायचा.

दगाआप्पांनी त्याच्याकडे बैल पारखावा तसं पाहिलं. "तीन वरीस व्हयनात, बी.एस्सी. करीसन घरमा बठेल शे. हाई जमनं ते डेअरीवरनी खोली तुन्ही, काढ रेडिओ. नही जमनं ते कपाशीमा उतर."

खोलीची किल्ली आप्पांच्या करदोट्याला होती. हेमकांतला त्या दिवसापासून दुसरं काही दिसेना.

लग्नाच्या सकाळी त्याने बोहल्याच्या मागे लॅपटॉप मांडला. काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ टाइप केली. आवाज कुठून घ्यायचा, कोणत्या सर्व्हरला द्यायचा, पासवर्ड काय, सगळं त्या एका ओळीत. फुकटातला सर्व्हर जर्मनीत होता.

साऊंडवाला खात्या खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन वाकून बघत होता. "भाऊ, बटन कठे शे?"

"बटण लागत नाही. हुकूम द्यायचा."

"मंग मी वायर टाकी ठेवू का? पडेल ऱ्हाई एक कोपरामा."

"खात्या, मी चार दिवस चाचणी घेतली आहे."

ते खरं होतं. गोठ्यात बसून त्याने चार दिवस गाणी सोडली आणि मोबाइलवर ऐकली. आवाज किती स्वच्छ, नेट किती खातं, बॅटरी किती चालते, सगळं वहीत मांडलं. आवाज किती उशिरा पोचतो, एवढं मात्र मोजायचं राहिलं. गाणं अर्ध्या मिनिटाने आलं तरी ते गाणंच असतं, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

मुहूर्त बारा छत्तीसचा. नवरदेव भावेशची मिरवणूक मारुतीपासून मांडवापर्यंतचे तीनशे मीटर नाचत आली आणि दोन चौदाला पोचली. अंतरपाट धरला. भटजींनी गळा साफ करून पहिलं मंगलाष्टक सुरू केलं.

कर्णे गप्प. भटजी तसेच रेटत राहिले. सतराव्या सेकंदाला पुरुषांच्या बाजूचा कर्णा पहिल्यापासून गाऊ लागला. एकतिसाव्या सेकंदाला बायकांच्या बाजूचा. बोहल्यापासून तो कर्णा चाळीस फुटांवर होता, पण भटजींचा आवाज आधी जर्मनीला जाऊन येत होता आणि प्रत्येक मोबाइल तो आपल्या सवडीने साठवून मगच बोलत होता.

भटजी थांबले. त्यांना वाटलं, वरपक्षाने आपला भटजी आणलाय. तीस वर्षं लग्नं लावलेला माणूस, त्यांनी समंजसपणे त्याला पुढे जाऊ दिलं. थोड्या वेळाने तो दुसराही थांबला. यांनी सुरुवात केली, तर त्यानेही केली. दुसरा भटजी इतकाच समंजस होता, फक्त जरा विचार करून वागत होता.

हेमकांतने लॅपटॉपकडे हात नेला आणि आखडता घेतला. आता थांबवावं तर खोली गेली.

कसंबसं शेवटचं "सावधान" झालं. अंतरपाट सरला, माळा पडल्या. पण मांडवाने कर्ण्यावर अजून ऐकलंच नव्हतं. आठशे माणसं अक्षतांच्या मुठी आवळून उभी, वाजंत्री काठ्या उगारून. नवरा-नवरी एकमेकांकडे बघत राहिली. मग पुरुषांच्या कर्ण्यावर सावधान झालं, पुरुषांनी अक्षता टाकल्या, ढोल वाजला. वाजून थांबतो तोच बायकांच्या कर्ण्यावर सावधान. बायकांनी अक्षता टाकल्या. वाजंत्र्यांनी पुन्हा ढोल बडवला.

भावेशचा मामा दलपत बोहल्यावर चढला. "लगीन कव्हय लागनं? पहिला ढोलले का दुसरा ढोलले? मुहूर्तनं काय?"

प्रश्न वेळेचा होता. हेमकांतला राहवलं नाही. भटजींच्या माइकशेजारी उभा राहून तो म्हणाला, "मामा, तुम्ही नाचत राहिलात म्हणून मुहूर्त एक तास अडतीस मिनिटांनी चुकला. माझी चूक फक्त एकतीस सेकंदांची आहे."

आजूबाजूच्या दहा माणसांचे चेहरे उतरले. हेमकांतचा चेहरा मात्र माइककडे वळला. तो लॅपटॉपवर झेपावला आणि हुकूम मागे घेतला. पडद्याने कळवलं, प्रसारण थांबलं. पण निघालेलं वाक्य निघालं होतं. त्याने पुरुषांच्या कर्ण्याची पिन उपटली. बायकांचा कर्णा राहिला. मध्ये तीनशे बायका. तो जागच्या जागी उभा राहून मोजत होता. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

"मामा, तुम्ही नाचत राहिलात म्हणून..." कर्णा खणखणीत बोलला. आवाज फार स्वच्छ होता.

बायकांत हशा उसळला. सगळ्यात मोठ्याने नवरदेवाची आई हसली. दोन तास ती भरजरी शालूत उकडत बसली होती. "पोरगा खरं बोलना," ती म्हणाली.

त्याने मामा जास्तच भडकला. "सगळास्नी ऐकं. आते माफीबी सगळास्नी ऐकाले पाहिजे."

हेमकांत खाली मान घालून लॅपटॉपकडे वळला.

"तठे नको," आप्पा म्हणाले. "खात्याना माइकवर बोल. तो लगेच ऐकू येस."

खात्याने वायर सकाळीच टाकून ठेवली होती, सतरंजीखालून. माफी तत्काळ पोचली. आप्पांनी करदोट्याची किल्ली सोडून खात्याच्या हातात दिली. त्याला कर्णे ठेवायला जागा नव्हती.

पंगती बसल्या तेव्हा हेमकांतचा फोन वाजला. शांतीफुई होती.

"हेमा, पटकन बोल, भटजीले थांबाडी ठेयेल शे. सकायपासून कोणना ना कोणना फोन ई ऱ्हायना, दर टाइमले थांबाडस. आठे आत्ते अक्षता पडी ऱ्हायन्यात. मन्हा डोयास्मा पानी उनं रे."

"बरं झालं, फुई."

"तठे समदं नीट व्हयनं ना? तुले जीभ आवरत नही, म्हणीसन इचारस. मामालोकेससंगे काही बोलना ते नही?"

"नाही," हेमकांत म्हणाला.

सुरतेपुरतं ते अजून दोन मिनिटं खरं होतं.