वामनभाऊंचं कोरं पाणी

वामनभाऊ शेंडे लग्नाच्या पंगतीत बसले की पहिला घास कोऱ्या भाताचा घेत. पानात भाजी, कढी, बुंदी सगळं येऊन पडलेलं असे, वाढपी वरणाची बादली घेऊन वाकलेला असे, आणि वामनभाऊ पानावर हात आडवा धरून म्हणत, "थांब न बाप्पा. आधी कोरं."

मग मांडवाच्या कापडाकडे बघत तो घास ते इतका सावकाश चावत की शेजारच्याचं अर्धं जेवण होऊन जाई. नवीन माणसाला वाटे, नवस असेल. कोणी विचारलंच तर ते समजावून सांगत, "भाजीत मीठ जास्त हाय, का माह्या जिभेवरच पहिलेपासून मीठ होतं, हे कसं कळंन? म्हणून आधी कोरं घ्यायचं. आपल्याजवळचं किती ते पाह्यचं. मंग दुसऱ्याचं नाव घ्यायचं."

विचारणारा मान डोलवी आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या ओळीत बसे.

वामनभाऊ यंदाच्या थंडीत गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात आहे. रोज चार ओळी लिहितो, दोन खोडतो. आमची घरं बालाघाटला एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, म्हणून ते मला "पुस्तकवाले" म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. पण ते वापरण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

ते गावाबाहेरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे खाणीतला दगड आणि विहिरी-बोअरचं पाणी तपासत. दगडसुद्धा ॲसिडात विरघळवून त्याचं पाणीच करत, कारण वामनभाऊंच्या ताब्यात जे मशीन होतं ते फक्त पाणी पीत असे. मशीनचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. भाऊ त्याला 'काटा' म्हणत. "सोनाराचा काटा गुंज तोलते, माहा काटा अणू तोलते," एवढं सांगून ते चष्मा पुसत.

या काट्याजवळ जाणं सोपं नव्हतं. चपला बाहेर. पावडर लावून आलेल्याला दारातून परत. अत्तरवाल्याला तर फाटकातूनच. एकदा प्रयोगशाळेचे सेठ स्वतः पाहुणे घेऊन आले आणि उघड्या नळ्यांवर वाकून पाहुण्यांना कायकाय दाखवत राहिले. ते गेल्यावर भाऊंच्या कोऱ्या पाण्यात, म्हणजे ज्यात काहीच निघायला नको अशा पाण्यात, शिसं दिसायला लागलं. भाऊंनी नळ्या धुतल्या, पाणी बदललं, टेबल पुसलं, आणि मग थेट सेठच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले.

"सेठजी, आप बाल में क्या लगाते हो?"

"क्यों? कुछ नहीं लगाता."

"नहीं, लगाते तो हो. सीसा आ रहा है."

सेठचे केस साठीतही काळेभोर होते आणि ते वडिलांकडून आलेत असं ते सांगत. पाहुणे अजून समोर बसलेले. पण सेठने भाऊंना काढलं नाही, कारण तो काटा दुसऱ्या कोणाच्या हातानं नीट चालत नसे.

लोक पाणी घेऊन येत त्यावरूनही रोज एक वाद. किरनापूरकडची एक बाई लोणच्याच्या बरणीत आणे. बैहरचा एक जण जीपमधून उतरला तो मोहाच्या दारूच्या बाटलीत पाणी भरून घेऊन.

"काय तपासू रे? पाणी का बाटली?"

"साहेब, धुतलीये न."

"वास येऊन राह्यला अजून!"

"थोडा येईनच, साहेब. कालच रिकामी झाली."

भाऊ त्याला स्वच्छ बाटली देत, आधी ती त्याच विहिरीच्या पाण्यानं विसळून घ्यायची, मग भरायची, असं दोनदा वदवून घेत, आणि परत पाठवत. चाळीस कोस जंगलातून आलेला माणूसही परत जाई आणि परत येई. भाऊंच्या ओरडण्यात काहीतरी असं होतं की आपल्या विहिरीची या माणसाला आपल्यापेक्षा जास्त काळजी आहे असं वाटे.

एकदा मी त्यांना म्हणालो, "भाऊ, पाण्याचं वजन तुम्ही करता म्हणजे काय करता, मला दाखवा." त्यांनी माझे हात धुवून घेतले, चष्म्याची फ्रेम कोणत्या धातूची ते विचारलं आणि आत नेलं.

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो. मोठ्या गोष्टी वाचून माहीत असतात आणि त्या तशाच वाचलेल्या राहतात. त्या दुपारी पहिल्यांदा एक मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होत होती.

लामत्याच्या एका हातपंपाचं पाणी होतं. केसाएवढ्या बारीक नळीतून ते सरकत गेलं आणि काचेच्या एका टोकातून धुकं होऊन बाहेर पडलं. धुक्यातले मोठे थेंब काचेवर आपटून खाली नळीनं वाहून गेले. "हे गेले वाया," भाऊ म्हणाले. "जवळजवळ सारंच वाया जाते. जे अगदी बारीक हाय, थेच पुढं जाते." ते बारीक धुकं एका ज्योतीत शिरत होतं. ज्योत म्हणायची, पण तिथे काही जळत नव्हतं. आर्गॉन नावाचा वायू, विजेच्या जोरावर तापून स्वतःच उजेड झालेला. काळ्या काचेतून तो पांढरा-जांभळा गोळा दिसत होता, लिंबापेक्षाही लहान.

"सूर्याच्या अंगापेक्षा गरम हाय," भाऊ हळूच म्हणाले. देवघरात बोलतात तसं. "पाणी आत गेलं का पहिले पाणीपण सुटते. मंग मीठ-माती सुटते. मंग एकेक अणू एकटा उरते. आन् मंग त्याच्याजवळचा एक इलेक्ट्रॉनपण निघून जाते."

"मग?"

"मंगच त्याचं वजन कळते. भरल्या घरात असला तर काटा त्याले ओळखत नाही, पुस्तकवाले. एकटा पडला, काही गमावलं, का मंग तो विजेच्या हाकेले ओ देते. एका बारीक भोकातून आत जाते, आत हवापण नाही. तिथं हलका हलक्याच्या जागी, भारी भारीच्या जागी."

बाहेर रस्त्यावर मँगनीजचे ट्रक जात होते. आत एका हातपंपाचं पाणी, ज्यानं सकाळी कोणीतरी भांडी घासली असतील, सूर्यातून जाऊन आपली झडती देत होतं. मी त्या काळ्या काचेसमोरून हललो नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "हौ न? मलेपण रोज असंच होते."

आता शांतावहिनींचं सांगायला हवं. त्या भाऊंच्या पत्नी. वर्षानुवर्षं रक्तदाब होता, पण त्या तो बोलून दाखवत नसत. पुढे किडन्या गेल्या. गोंदियाला डायलिसिससाठी जाणं-येणं सुरू झालं, आणि एका उन्हाळ्यात ते थांबलं. वहिनी गेल्या.

त्यांच्या परसात भाऊंनी हौसेनं खणून घेतलेली विहीर होती. नळ आला तरी भाऊंचा हट्ट होता, पिऊ तर आपल्याच विहिरीचं. वहिनी गेल्या त्या आठवड्यात भाऊंनी विहिरीवर पत्रा टाकला, वर दगड ठेवले आणि नळाचं पाणी प्यायला लागले.

गावात लोक बोलत. साऱ्या जिल्ह्याचं पाणी तपासणारा माणूस, स्वतःच्या विहिरीचं एक बाटली पाणी तपासत नाही. माझ्या बायकोनं एकदा भिंतीवरून सरळ विचारलं, "भाऊजी, काहून नाही तपासत?"

"मशीन रिकामं नसते, वहिनी."

"इतक्या वर्षांत एक दिवस नाही?"

"तुमच्या कुकरची शिटी झाली पाहा," ते म्हणाले आणि आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

मला वाटे, मी समजलो आहे. विहीर त्यांनी खणली, हट्ट त्यांचा. पाण्यात किडन्या खाणारं विष निघालं तर दोष कोणाचा, हे ठरलेलंच होतं. म्हणून मी कधी विचारलं नाही.

मग गेल्या वर्षी सेठने प्रयोगशाळा विकली. काटा नागपूरला जाणार होता. पेटी बांधायला माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वामनभाऊ ग्रंथालयात आले. हातात बाटली होती.

"चला, पुस्तकवाले. आकडे तुम्ही वाचा. मले आज वाचता येणार नाही."

ज्योत पेटली. आधी कोरं पाणी. पडद्यावरचे आकडे मी वाचले. काही नव्हतं, साफ होतं. भाऊ म्हणाले, "अजून एकदा." पुन्हा साफ. "नळी बदलतो." नळी बदलली. साफ. "अजून एकदा." आर्गॉनच्या टाकीतला दाब उतरत होता. ही शेवटची टाकी होती, दुसरी आता कोणी आणणार नव्हतं.

"भाऊ," मी म्हणालो, "कोरं साफ आहे. केव्हाचंच साफ आहे."

त्यांनी मान हलवली आणि विहिरीच्या पाण्यात नळी बुडवली.

मी वाचत गेलो. शिसं: नाही म्हणण्याइतकं. आर्सेनिक: नाही. कॅडमियम: नाही. युरेनियम: नाही. भाऊंनी ज्यात किती काय मिसळलंय ते आधीच माहीत असतं असं पाणी मध्ये घालून काटा बरोबर आहे ना ते पाहिलं. बरोबर होता. विहीर पुन्हा लावली. मी पुन्हा वाचलं. तेच.

"भाऊ, पाणी चांगलं आहे," मी म्हणालो. मला खरोखर आनंद झाला होता. त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला मी वळलो.

वामनभाऊंचा चेहरा पडला होता.

"मंग शांता कशानं गेली हो?"

डॉक्टरांनी रक्तदाब हे कारण सांगितलं होतं. ते त्यांना माहीत होतं, मलाही.

"माह्यानं गेली, असं मी धरून होतो," ते ज्योतीकडे बघत म्हणाले. "वाईट वाटे. पण रोज सकाळी उठलो का तेच घेऊन बसे. चूल पेटवताना तेच, आंघोळीले तेच. आता सकाळी उठून मी काय करू?"

इतकी पुस्तकं सांभाळली, पण या प्रश्नाला मला एकच उत्तर सुचलं. मी म्हणालो, "सकाळी माझ्याकडे चहाला या."

ते आले. दुसऱ्या दिवशी आले आणि थंडीपर्यंत रोज येत राहिले. पहिल्या सकाळी त्यांनी चहा बशीत ओतला. वहिनींचा आजार, गोंदियाच्या फेऱ्या, शेवटचा आठवडा हे मी त्यांच्याकडून पुष्कळ ऐकलं होतं. त्या सकाळी ते पहिल्यांदा दुसरं काही बोलले.

"शांताले पोहता येत होतं, माहीत हाय तुम्हाले? लामत्याची पोरगी, नदीतच वाढली. मले नाही येत. लग्न झालं त्या साली मले वैनगंगेवर घेऊन गेलती. छातीएवढ्या पाण्यात नेऊन उभं केलं. मी तिचा दंड असा गच्च धरला का वळ उठले. आन् ते हासून राह्यली. म्हणे, हात सोडा न हो. काहून भेता? पाणी काही करत नाही."