पेशंट आत, डॉक्टरीण बाहेर

साहेब, भागुजीच्या घोड्याची मान दुसऱ्या घोड्यानं फाडली, हा गुन्हा घोड्याचा. त्याला तिथल्या तिथं चार कोरडे बसले, विषय मिटला. पण मान बरी झाल्यावरही भागुजीचा घोडा कोंडून पडला, हा गुन्हा तुमचा आहे. तुम्ही म्हणाल, कोण भागुजी, कसला घोडा? तुमच्या बैठकीच्या खोलीत फोटो लावलाय ना, तुमच्या हातात कात्री आणि मागं घोड्याचं तोंड? तोच घोडा. शेजारी गळ्यात हार घालून, नांगर मोडल्यासारखा चेहरा करून जो उभा आहे, तो भागुजी.

शिनोलीच्या पुढं ओढ्याच्या काठाला त्याची वाडी. भागुजीचं लग्न झालं तेव्हा गावानं त्याला वेशीबाहेर घोड्यावरून खाली उतरवलं होतं. बौद्धवाड्यातला नवरदेव वेशीतून घोड्यावर जायचा नाही म्हणून. घोड्याचं भाडं पुरं दिलेलं, आणि घोडा रिकामा पुढं, नवरदेव पायी मागं! त्या दिवशी भागुजीनं मनाशी गाठ मारली. कारखान्यात राबला, पोटाला चिमटा घेतला आणि नोकरी संपल्यावर करड्या रंगाचा उमदा घोडा घेतला. नाव ठेवलं निळ्या. मग गंमत झाली. ज्यांनी त्याला उतरवलं होतं, त्यांचेच नातू निळ्यावर बसायला भागुजीच्या दारात सुपारी घेऊन येऊ लागले. भागुजीनं सगळ्यांना बसवलं, एकालाही उतरवलं नाही. घरचा नवरदेव तेवढा राहिला होता. तो या उन्हाळ्यात बसणार होता. त्याचा थोरला, समाधान. एसटीत कंडक्टर म्हणून नुकताच लागलेला, अजून पक्का न झालेला.

पोराच्या लग्नाआधी एकच सुपारी होती, अवसरीची. तिथं गेल्यावर कळलं की नवरदेवाच्या बापानं निळ्या ठरवलाय आणि नवरदेवाच्या मामानं गावातल्याच रखमाजीचा वादळ नावाचा घोडा. बापाला मामानं विचारलं नाही, मामाला बापानं विचारलं नाही. दोघांचीही माघार घ्यायची तयारी नाही.

"मामाचा मान हाय का न्हाई काही?" मामा कडाडला.

"मान हाय ना. तुम्हीच बसा वादळावर," बाप म्हणाला.

मामा खरंच बसला. दोन नर घोडे कधी शेजारी बांधत नाहीत, पण मानापानात घोड्याची अक्कल कोण विचारतो? बँडवाल्यानं ताशावर टिपरी मारली मात्र, वादळानं मान वाकडी करून निळ्याच्या मानेचा लचका धरला. निळ्यानं लाथ झाडली. नवरदेव उडून एका मांडवावर, मामा दुसऱ्या मांडवावर. दोघंही धडधाकट राहिले. निळ्याच्या मानेची कातडी मात्र हातभर लोंबत होती.

रखमाजी डोक्याला हात लावून आला. "भाऊ, चुकलं माझ्या जनावराचं. काय लागंल ते सांग."

"आता डॉक्टर लागंल," भागुजी म्हणाला.

डॉक्टर होती. वाडीतल्या जनावरांच्या दवाखान्यावरच तिची नेमणूक होती. स्वप्ना नावाची तरुण पोरगी. पण ती बसायची तालुक्याला. कारण वाडीतला दवाखाना बांधून रंगवून कुलूपबंद उभा होता, आणि उद्घाटनाला साहेबांना सवड नव्हती. दवाखाना सुरू नाही म्हणून डॉक्टर नाही, आणि डॉक्टर नाही म्हणून जनावरं घरातच मरत होती, तीही उद्घाटनाशिवाय.

निरोप मिळताच ती एसटीनं आली. चिंचेखाली निळ्याला धरून तिनं जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

"काका, घोड्याला धनुर्वात लगेच धरतो. जखमेवर माशी बसता कामा नये. टाके ताणले तर जखम पुन्हा फाटेल. सावलीत, कोरड्या जागी, शांत ठेवा."

शांत कसं ठेवायचं? शेजारी ठमाबाईची घोडी. डोंगरातून हिरड्याची पोती वाहायला ठेवलेली, आणि नेमकी माजावर आलेली. तिनं शेपटी हलवली की निळ्या दावं तोडायला बघायचा. भागुजीची बायको चिमाबाई विनवायला गेली.

"ठमाबाई, चार दिस घोडी लांब बांध की गं."

"का? माझी घोडी माझ्या दारात हाय. तुझ्याच घोड्याला चार शब्द सांग."

चिमाबाई कंबरेवर हात ठेवून परतली. समोर दवाखाना. खिडक्यांना माशीची जाळी, सिमेंटची फरशी, आत गार सावली. ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, ते घर कुणासाठी बांधलंय?"

"जनावरांसाठी."

"मग आपलं काय मानूस हाय का?"

किल्ली होती ठेकेदाराचा राखणदार जानकू याच्याकडं. त्यानं आत कांदा पसरला होता.

"दवाखान्यात जनावर सोडता येत न्हाई," जानकू म्हणाला. "उद्घाटन व्हायचंय."

"आन कांदा सोडता येतो?" चिमाबाईनं विचारलं. "कांद्याला काय झालंय? पोटशूळ?"

जानकूनं दार उघडलं. कांदा एका कोपऱ्यात सरकला, निळ्या दुसऱ्या. डॉक्टरीण रोज यायची, आणि पहिल्या दिवशी तर उंबऱ्यात उभी राहून भिंती न्याहाळत म्हणाली, "हा माझा दवाखाना होय? छान आहे हो!" जखम भरू लागली. समाधानच्या पत्रिका वाटून झाल्या. सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे सरकारचं लक्ष नव्हतं.

मग एका दुपारी सरपंच चांगदेव धापा टाकत आला. "भागुजी, घोडा काढ! निवडणुकीची आचारसंहिता उद्यापासून लागतीय म्हनं. साहेब आजच संध्याकाळी फीत कापणार हायेत!"

दोन वर्षं ज्यांना सवड नव्हती, त्यांना दोन तासांत सवड झाली. भागुजीनं निळ्याचा कासरा सोडला, दार उघडलं, आणि तसंच लावून घेतलं. समोरच्या रस्त्यावर वाजत गाजत मिरवणूक येत होती. सरपंचानं साहेबांसाठी घोडा सांगितला होता. आणि वाडीतला घोडा आजारी, म्हणून सांगितला होता अवसरीचा. पुढं रखमाजी लगाम धरून, वर फेटा बांधलेले साहेब, खाली वादळ.

"आता ह्याला भायेर काढला तर दुसरी मान जाईल," जानकू कुजबुजला.

"मंग गप ऱ्हा. निळ्या, तूबी गप ऱ्हा," भागुजी आतून म्हणाला.

जानकू गप्प राहिला. निळ्यानं वादळाचा वास घेतला आणि भिंती हलतील असा खिंकाळला. बाहेर वादळ मागच्या पायांवर उभा राहिला. साहेबांनी घोड्याच्या गळ्याला अशी मिठी मारली, की तशी त्यांनी मतदाराला कधी मारली नसेल. लोकांना वाटलं कसरत आहे. टाळ्या पडल्या. "काय मांड हाय साहेबांची!"

साहेब उतरले, घाम पुसला, दरडावून म्हणाले, "आत काय आहे?"

चांगदेव सरपंच उगाच तीनदा निवडून आलेला नाही. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, पहिला पेशंट! तुमच्या दवाखान्याची कीर्ती एवढी, की उद्घाटनाआधीच आलाय."

साहेबांचा चेहरा फुलला. फीत कापली, भागुजीच्या गळ्यात हार पडला. निळ्याचं तोंड खिडकीत धरून फोटो निघाला. भाषण झालं. मग "लाभार्थी, लाभार्थी" करत कार्यकर्त्यांनी त्याला उचलून दुसऱ्या फोटोसाठी गाडीपाशी नेला. तो हार काढून परत येतो तर दाराला नवं कुलूप, कुलपावर लाखेची मोहर. साहेबांच्या माणसांनी आचारसंहिता लागायच्या आत काम उरकलं होतं; फोटो निघाला, आता निवडणूक होईपर्यंत दवाखाना बंद, आत घोडा असला तरी. गाड्या धुरळा उडवत गेल्या.

"जानकू, किल्ली!"

"माझी किल्ली जुन्या कुलपाची. नव्याची साहेबांच्या गाडीत गेली. आन माझा कांदाबी आतच हाय!"

भागुजीनं पहार उचलली. समाधाननं हात धरला. "दादा, सरकारी मोहर हाय. केस झाली तर माझी नोकरी गेलीच समजा."

पहार खाली पडली.

मग कचेऱ्या झाल्या. एक म्हणे, "उद्घाटन झालं, पण ताबा मिळाला नाही. आम्ही कसं उघडणार?" दुसरा म्हणे, "आचारसंहिता उठली की बघू." आत घोडा आहे म्हटल्यावर तिसरा हसला, "मग दवाखाना चालू आहे की!"

खिडकीची जाळी कापून चिमाबाई आत गवत टाकायची, नळीनं पाणी सोडायची, खराट्याला बांबू बांधून लीद ओढायची. तोंडी लावायला निळ्यानं जानकूचा कांदा हुंगला, आणि एवढा शिंकला की जानकू खूश झाला. डॉक्टरीण पायरीवर उभी राहायची, निळ्या शहाण्यासारखा मान खिडकीबाहेर काढायचा, ती मलम लावायची. जगभर डॉक्टर आत बसतो आणि पेशंट बाहेर रांगेत असतो. आमच्या तालुक्यानं प्रगती केली होती. टाकेसुद्धा तिनं तसेच, पायरीवरून काढले.

"काका, घोडा खणखणीत बरा झाला," ती म्हणाली. "नवरदेवाला बसवा खुशाल."

"बसवतो की. खिडकीतनं."

लग्नाच्या आदल्या दिवशी रखमाजी वादळाला घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "गुन्हा माझ्या जनावराचा हाय, भाऊ. उद्या समाधानला ह्याच्यावर बसव. एक पैसा नको."

भागुजीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला. बराच वेळ वादळाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुझं मन मोठं हाय, रखमाजी. पर व्हेशीतनं माझा पोरगा माझ्या घोड्यावर जाईल. भाड्याच्या घोड्यावरनं मी एकदा उतरलोय."

लग्न शाळेच्या पटांगणात लागलं. त्रिसरण, पंचशील झालं. पांढऱ्या कपड्यातली नवरानवरी उभी होती, तेवढ्यात गाड्यांचा धुरळा उठला. आचारसंहितेत उद्घाटनाला बंदी असते, लग्नाला यायला नसते. साहेब आले. हसत हसत थेट माईकपाशी गेले.

"हे भागुजीराव! आमच्या दवाखान्याचे पहिले लाभार्थी! यांच्या घरचं कार्य म्हणजे माझ्या घरचं. बोला भागुजीराव, आज लाजू नका. काय पाहिजे?"

पलीकडं ताशा वाजला. दवाखान्याच्या खिडकीतून निळ्या खिंकाळला. सगळं पटांगण तिकडं वळलं, साहेब सोडून.

भागुजीनं माईक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

"साहेब, मला रस्ता नको, समाजमंदिर नको. तुमचा आहेरबी नको. वरात तयार हाय, व्हेस समोर हाय, घोडा बरा हाय. पोरगा पायी जाणार न्हाई, आन आमी कुणी हितनं हलणार न्हाई. किल्ली कुठं हाय?"

साहेबांनी पीएकडं पाहिलं. पीएनं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, गाडी बदलली की.

वरात उभी आहे, साहेब. ताशेवाल्यांचे हात भरून आलेत, नवरीच्या पायाला कळ लागली आहे, ठमाबाईची घोडीसुद्धा बघायला आली आहे. पुढचं भाषण नंतर करा. आधी सांगा, किल्ली कुणाकडं आहे?