साहेबाच्या चेंडूला भंडारा

गिरणीच्या मॅनेजरसाहेबांनी कारकून वीरभद्रप्पाला रविवारी गोल्फ खेळायला बोलावले, तेव्हा त्याच्या तोंडचे पाणी पळाले. हेडक्लार्कची जागा रिकामी होती आणि साहेबांचे म्हणणे असे, की चूक कोणीही करील; चुकल्यावर ज्याचे डोके थंड राहील, तोच माझा हेडक्लार्क.

"खेळ कसला म्हणायचा तो?" बायको नागम्माने विचारले.

"लहानसा पांढरा चेंडू काठीनं मारत मारत लांबच्या खळग्यात घालायचा."

"मग खळगा जवळच खणायचा की!"

वीरभद्रप्पाने साहेबांची थंड डोक्याची अट तिला सांगितली.

"चुकलं की नुसतं 'शिव शिव' म्हणा," नागम्मा म्हणाली. "आन् जिंकू नका बरं का! सायबाला हरवलं तर हाय ती नोकरीबी जाईल."

सोलापूरच्या त्या माळावर गवत नावालाही नव्हते. पहिल्याच फटक्याला चेंडू जागच्या जागी राहिला आणि वीरभद्रप्पाच गरकन फिरून खाली बसला. "शिव शिव," तो म्हणाला. दुसऱ्या फटक्याला मातीचे ढेकूळ उडून साहेबांच्या मिशीवर फुटले. "शिव शिव." तिसऱ्याला काठीत धोतर अडकून सुटले. ते सावरतानाही तो शांतच.

"शाबास!" साहेब खूश झाले. "टुमचा डोका बर्फ हाय!"

शेवटच्या खळग्याजवळ वीरभद्रप्पाचा चेंडू कसाबसा पोहोचला. मग साहेबांनी झोकात फटका हाणला. चेंडू येडू धनगराच्या मेंढरांवरून गेला आणि बाभळीखाली दिसेनासा झाला. दोघे तिथे जाऊन पाहतात, तो येडूची बायको म्हाळसाबाई हात जोडून बसलेली. समोर बिरोबाच्या गोल दगडांची रांग, आणि रांगेच्या शेवटी हळदीच्या भंडाऱ्याने पिवळाधमक झालेला साहेबांचा चेंडू.

"आभाळातनं आला आन् थेट द्येवाशेजारी बसला," ती म्हणाली. "धाकला बिरोबा हाय ह्यो."

चेंडू पडेल तिथूनच मारायचा, हा खेळाचा नियम. साहेबांनी काठी उगारली.

"द्येवाला काठी मारतूस?" येडूनेही काठी उचलली. ती साहेबांच्या काठीपेक्षा बरीच जाड होती.

साहेब लालबुंद झाले. त्यांनी आपली काठी गुडघ्यावर मोडली, टोपी आपटली, तिच्यावर उड्या मारल्या आणि शाळेत शिकवत नाहीत असले इंग्रजी बोलले.

"काय झालं ह्याला?" म्हाळसाबाईने विचारले.

"फटका चुकला त्यांचा," वीरभद्रप्पा कुजबुजला.

"मग चुकला तर चुकला. टोपीनं काय केलंय?"

साहेब धापा टाकत थांबले आणि सगळ्यांना घेऊन खळग्याकडे परतले. "वीरभद्रप्पा, टुमी खेळा!"

वीरभद्रप्पाला दरदरून घाम फुटला. साहेबांचा चेंडू देव होऊन बसला होता. आता आपला खळग्यात गेला, की आपण जिंकलो! त्याने खळग्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि जीव खाऊन काठी फिरवली. सकाळपासून न साधलेला फटका नेमका आता साधला. चेंडू सुसाट जाऊन येडूच्या एडक्याच्या शिंगावर टण्णकन आदळला, उलटा फिरला, साहेबांच्या दोन बुटांमधून घरंगळला आणि टपकन खळग्यात पडला.

"जिकलं! धोतरवालं जिकलं!" येडू ओरडला.

वीरभद्रप्पाने हात जोडले. "चूक झाली, साहेब."

मग साहेबांनी चेपलेली टोपी उचलली, धूळ झटकली, ती डोक्यावर ठेवली आणि दात आवळून म्हणाले, "शिव शिव."

सोमवारी वीरभद्रप्पा हेडक्लार्क झाला. साहेबांनी त्याला पहिलाच हुकूम दिला तो असा, की रविवारी माळाकडे फिरकायचे नाही.