कोठीबंद शाळा

खट्ट असा आवाज झाला, तांदळाच्या कोठीला कुलूप लागलं आणि मुख्याध्यापिका वैशालीबाईंनी समाधानाने हात झटकले. पत्र्याच्या त्या भल्यामोठ्या कोठीत तेव्हा तांदळाचा दाणाही नव्हता. आत होते त्रेचाळीस मोबाईल. नववी-दहावीच्या मुलांचे तीस, शिक्षकांचे अकरा, शाळा समितीचे अध्यक्ष केसरीनाथ पाटील यांचा एक आणि सगळ्यांत शेवटी, आपणच उदाहरण घालून द्यावं म्हणून, खुद्द बाईंचा.

"मॅडम, कुलूप माज्या गोदामाचं हाय," केसरीनाथ कोठीवर थाप मारत म्हणाले. "नुसतं दाबायचं, लागतं. किल्ली फक्त उघडायला. चोर आले होते गेल्या साली, रात्रभर ठोकत बसले आन् तसेच परत गेले."

केसरीनाथांची दापोड्याला चार गोदामं होती आणि त्या चार गोदामांपेक्षा त्यांना या कुलपाचा अभिमान जास्त होता. खिचडी शिजवणाऱ्या गुणाबाईंना मात्र दोन्हींचं कौतुक नव्हतं. त्यांनी सकाळीच कोठीतला तांदूळ उपसून गोण्यांत भरून दिला होता आणि "माजी कोठी मना परत कवा मिलनार?" एवढंच विचारून त्या चुलीकडे गेल्या होत्या.

या सगळ्याला सुरुवात झाली ती भूगोलाच्या कुमार सरांच्या डुलकीपासून. सहामाहीच्या पेपरला सर खुर्चीत बसल्या बसल्या झोपले आणि नववीतल्या ऋतिकाने त्यांचं रील केलं. ते चौदा हजार लोकांनी पाहिलं. त्यात सरांच्या सासूबाईही होत्या. तेव्हापासून कुमार सर शाळेत मोबाईलबंदी हवी असं दर तासाला म्हणू लागले. ऋतिकाचं म्हणणं असं की, बंदी घालायचीच तर आधी झोपेवर घाला.

पण वैशालीबाईंचं मन अडकलं होतं दुसऱ्याच गोष्टीत. 'मोबाईलमुक्त शाळा' अशी एक योजना आली होती. तालुक्यात जी शाळा तपासणीत पहिली उतरेल तिला एक नवी वर्गखोली. बाईंच्या शाळेत पाचवी आणि सहावी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसत. पाचवीचे अपूर्णांक सहावीला पाठ झाले होते आणि सहावीचा इतिहास पाचवीच्या उत्तरपत्रिकांत येत होता. त्या एका खोलीसाठी बाईंनी तीन वर्षं अर्ज केले होते. आज तपासणीचा शेवटचा दिवस होता. दुपारी एकला साहेब येणार, बघणार आणि पाचच्या आत आपली मंजुरी वर पाठवणार.

बाईंनी तर शिक्षासुद्धा ठरवून टाकली होती. शाळेत ज्याचा मोबाईल दिसेल त्याने दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्या मुलांसमोर कान धरून उभं राहायचं. मग तो विद्यार्थी असो की अध्यक्ष. "नियम म्हणजे नियम," बाई म्हणाल्या होत्या आणि केसरीनाथांनी नकळत स्वतःचे कान चाचपले होते.

एक वाजला. साहेब आले नाहीत. सव्वाला कोठी वाजली.

पहिली धून बाईंच्या फोनची होती, सनई. ती थांबली आणि लहान मूल खदाखदा हसू लागलं.

"सर, तुमचा," ऋतिका म्हणाली.

"माहिती आहे मला," कुमार सर म्हणाले.

मग केसरीनाथांचा फोन लागला. त्यावर हळदीच्या गाण्याची बँजोची धून होती, तीही पूर्ण आवाजात. पत्र्याच्या कोठीत तो बँजो असा काही घुमला की सातवीच्या वर्गात चालू असलेली चाचणी थांबली आणि मागच्या बाकावरचे खांदे हलायला लागले. दापोड्याच्या पोरांना हळदीचा बँजो ऐकून स्वस्थ बसता येत नाही, हे कोणत्याच योजनेत लक्षात घेतलेलं नसतं.

सनई, हसू, बँजो. पुन्हा सनई, हसू, बँजो. तेव्हा कुमार सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, आपण साहेबांना पत्र पाठवलं त्यावर हेच तीन नंबर होते."

"म्हणजे साहेब फोन करतायत?"

"चुकले असणार. इथं रस्त्याला रस्ता आणि गोदामाला गोदाम सारखंच. नवीन माणूस गोदामांच्या डी बिल्डिंगपाशी वळतो तो फिरून परत डी बिल्डिंगलाच येतो."

"मग उघडा कोठी. एक फोन घेऊ, रस्ता सांगू, परत ठेवू," असं म्हणून बाईंनी किल्ली काढायला खांद्याकडे हात नेला. खांद्यावर काही नव्हतं.

बाईंच्या खांद्याला नेहमी मोबाईलचं पाउच लटकलेलं असे. त्यात मोबाईल, शंभराची घडी, डोकेदुखीची गोळी, देवीचा फोटो आणि महत्त्वाची प्रत्येक किल्ली. केसरीनाथांनी कुलूप दिलं तेव्हा किल्ल्या बाईंनी तिथेच जपून ठेवल्या होत्या. आणि सकाळी उदाहरण घालून देताना पाउचसकट फोन कोठीत ठेवला होता. कुलूप नुसतं दाबलं की लागत होतं.

"दुसरी किल्ली असंल ना?" केसरीनाथांनी विचारलं.

"दोन्ही एकाच तारेत होत्या," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दिल्या तशाच."

कोठीतून लहान मूल पुन्हा हसलं. या वेळी ते सगळ्यांना जरा लागलं.

कुमार सरांनी अंगणातला दगड आणला. केसरीनाथांनी तो कुलपावर हाणला. कुलपाला ओरखडा आला नाही, दगडाचे मात्र दोन तुकडे झाले. "बघितलंत?" केसरीनाथ म्हणाले आणि बाईंचा चेहरा बघून त्यांनी चेहऱ्यावरचा आनंद आवरला. मग चार शिक्षकांनी कोठी आडवी करून हलवली. किल्ली कुठल्या फटीतून पडेल अशी आशा होती. पडलं काहीच नाही, फक्त आतले दोन-तीन फोन दचकून काहीबाही बोलू लागले आणि एका बाईमाणसाने "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" असं सांगितलं. हे साहेबांना कळायला हवं होतं.

असं करता करता साडेतीन वाजले. बाई ओट्यावर बसल्या होत्या. समोरच्या खोलीतून पाचवीचं 'छेद समान करा' आणि सहावीचं 'म्हणून सम्राटाने' एकात एक मिसळून ऐकू येत होतं. एवढी साधी गोष्ट आपल्या हातून झाली आणि खोली गेली, या विचाराने त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं. एवढ्यात फाटकात पांढरी गाडी थांबली.

साहेब उतरले ते लालबुंद होऊन. "अकरा फोन केले मी. अकरा. शाळा आहे की काय आहे? दोन तास मी कंटेनरांच्या मधे फिरतोय. शेवटी एका टेंपोवाल्याने काच ठोकली, 'साब, आप इस्कूलवाले हो क्या?' म्हणाला आणि पुढे राहून इथं आणून सोडलं. त्या माणसाला कळतं आणि तुम्हाला फोन उचलता येत नाही?"

बाई ओट्यावरून घाईघाईने उठल्या. टेंपोवाल्याला कसं कळलं हे तर त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी ऋतिकाच पुढे झाली. "सर, फोन सगळे कोठीत आहेत. कोठीला कुलूप आहे. उचलणार कसं?"

साहेब थबकले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बारावा फोन लावला. कोठीत सनई वाजली. साहेबांनी वाकून पत्र्याला कान लावला. मग त्यांनी कुमार सरांचा लावला, मग केसरीनाथांचा. बँजो संपेपर्यंत ते तसेच वाकून होते. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेलेला होता.

"बाई," साहेब म्हणाले, "मी आत्तापर्यंत नऊ मोबाईलमुक्त शाळा तपासल्या. नऊच्या नऊ ठिकाणी माझा फोन पहिल्या रिंगला उचलला. ही पहिली शाळा जिथे तो कुणी उचलला नाही."

बाईंना वाटलं, देव आहे.

"माझ्या बाजूने तुम्ही पास," साहेब पुढे म्हणाले. "आता फक्त तुमच्या ॲपवरून बंद कोठीचा फोटो टाका. पाचच्या आत. फोटो आला की मी मंजुरीचं बटण दाबतो."

"सर, तुमच्या फोनवरून नाही का टाकता येणार?"

"माझ्याकडे फक्त मंजुरीचं बटण आहे. फोटोचं बटण मुख्याध्यापकांच्या फोनमध्ये."

सगळ्यांनी मान वळवून कोठीकडे बघितलं. किल्लीचा प्रकार ऐकल्यावर साहेबांनी कपाळाला हात लावला. पण माणूस भला होता. त्याने स्वतःचा फोन पुढे केला. "घ्या. बोलवा कुणाला तरी तोडायला."

"माज्या गोदामात कटर हाय," केसरीनाथ उत्साहाने म्हणाले आणि फोन हातात घेऊन उभे राहिले. बराच वेळ तसेच उभे राहिले. "नंबर कोठीत हायेत," शेवटी ते म्हणाले.

"घरचा तरी पाठ असेल ना?"

"पाठ हाय की." त्यांनी घडाघडा आकडे म्हणून दाखवले. "पन तो फोन बारा वर्सं झाली, कापला."

कुमार सरांना बायकोच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे आठवत होते. गाडी काढून गोदामापर्यंत जायचं तर चारचा कंटेनरांचा जाम लागलेला, जाऊन यायला दीड तास. शाळेत साडेतीनशे माणसं होती, हातात चालू फोन होता आणि कुणाला म्हणून लावावा असा एक नंबर नव्हता. सव्वाचार झाले.

"कटर पायजे का?" मागून गुणाबाईंचा आवाज आला. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी लुगड्याच्या कमरेशी खोचलेल्या केळातून बटणांचा एक जुना फोन काढला आणि अंगठ्याने ठोकून दहा आकडे लावले. "विठू, लांब गेलास का रं? मागं फिर. टेंपोत त्या शटरवाल्याचा कटर हाय ना, तो घेऊन ये. व्हय, तीच शाळा. सायबाला सोडलास तीच."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी गुणाबाईंकडे.

"गुणाबाई, टेंपोवाल्याला तुम्ही पाठवलंत?"

"माजा जावई हाय तो. म्हनलं सायेब चुकलाय, पांढरी गाडी बघ, आन् घेऊन ये."

"मग मघापासून बोलला का नाहीत?"

"बोलनार कशी? फोन दिसला का कान धरून उभं राहायचं, तुमीच म्हनलात. ह्या वयात पोरांपुढं? आन् सकाळी सगल्यांचं फोन घेतलंत, मना कुनी इचारलंच न्हाय." हे शेवटचं त्या जरा रागानेच बोलल्या.

विठू पंधरा मिनिटांत आला. कटरच्या ठिणग्या उडू लागल्या तशी सगळी शाळा खिडक्यांना लागली. कुलूप काही तुटलं नाही. शेवटी विठूने कोठीची कडीच कापली. केसरीनाथांनी गरम कुलूप उपरण्यात उचलून सगळ्यांना फिरवून दाखवलं. "बघा. चरासुद्धा न्हाय."

चार पन्नासला बाईंच्या हातात फोन आला. पण फोटो हवा होता बंद कोठीचा आणि कडी नसलेली कोठी बंद राहीना, झाकण सारखं वर येई. मग गुणाबाई पदर खोचून झाकणावर चढून बसल्या. कापलेल्या कडीवर त्यांनी पदर सोडला आणि कुलूप हाताने तिथे धरलं. साहेब त्या वेळी छपराचे पत्रे मोजत होते. चार सत्तावन्नला फोटो गेला, साहेबांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "वरून आदेश आला की खोली तुमची. उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी कोठीला नवी कडी बसली आणि जुनंच कुलूप लागलं. या वेळी फोन चव्वेचाळीस होते. किल्ली गुणाबाईंच्या पदराला गाठ मारून बांधली, दुसरी केसरीनाथांनी गळ्यात घातली आणि ती घालून ते भिवंडीला एका लग्नाला गेले.

परिपाठाला गुणाबाई आपणहून पुढे आल्या आणि कान धरून उभ्या राहिल्या. पोरं हसायच्या तयारीत होती. तेवढ्यात वैशालीबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही कान धरले. काल त्यांचाही फोन सगळ्या शाळेने बघितला होता. कुणीच हसलं नाही. ऋतिकाचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

प्रार्थना निम्म्यावर आली असेल, कोठीत सनई नाही, नुसतंच टिंग वाजलं.

"बाई, आदेश असणार," कुमार सर कुजबुजले. "गुणाबाई, किल्ली द्या ना."

"थांबा वाईच," गुणाबाई समोर बघत म्हणाल्या. "माजं दोनी हात कानाला हायेत."

साडेतीनशे माणसं प्रार्थना संपायची वाट बघत उभी राहिली. एवढ्या वेगात ती प्रार्थना त्या शाळेत पूर्वी कधी झाली नव्हती. मग गुणाबाईंनी सावकाश गाठ सोडली, कोठी उघडली, बाईंनी फोन काढून वाचला. खोली मंजूर झाली होती. पाचवी आणि सहावी एकदमच ओरडली, नेहमीसारखी.

बाईंनी डोळे पुसले, फोन परत कोठीत ठेवला, कुलूप दाबण्याआधी किल्ली गुणाबाईंच्या हातात आहे हे दोनदा बघितलं. मग त्या पुन्हा मुलांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कान धरले, कारण फोन पुन्हा दिसला होता.