सेलमधलं पिस्तूल

“हे बघ पोरी, सेलमधलं पिस्तूल म्हणजे नवा जावई. पहिले चार दिवस सगळेच गोड वागतात! दोन डबे गोळ्या झाडून बघितल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नकोस. आणि पिशवीत तर मुळीच ठेवू नकोस. कमरेला लाव. पिशवी माणूस कुठंही टेकवतो.”

डेल्बर्ट क्रचफील्ड यांनी सुनेला हे सांगितलं तेव्हा सूनबाई ‘नवा जावई’पाशीच ऐकायची थांबली होती. सेलमधलं! जणू काही तिनं नासकी अंडी आणली होती!

“पॉप, मी अभ्यास केलाय,” शेल्बी म्हणाली.

आणि अभ्यास तिनं खरंच केला होता. कॉलेजात सांख्यिकी शिकलेली बाई. अडीच वर्षांच्या ओपलला मांडीवर निजवत, एका हातात फोन धरून तिनं महिनाभर एका दाढीवाल्याचे व्हिडिओ पाहिले होते. त्या दाढीवाल्यानं तेच छोटं पिस्तूल चिखलात बुडवलं, बर्फात गोठवलं, त्याच्यावरून ट्रक नेला, आणि मग उचलून धाडकन बार काढला! स्वतःच्या नवऱ्यावरही एवढा विश्वास बसू नये, एवढा तिचा त्या पिस्तुलावर बसला.

नवरा, ट्रॅव्हिस, वाईट नव्हता. फक्त घरी नव्हता. तेलाच्या पाइपलाइनच्या कामावर दूर उत्तर डकोटात असायचा, आणि शेल्बी ओपलला घेऊन ओक्लाहोमातल्या एका कच्च्या रस्त्याच्या शेवटच्या घरात. बाहेर कचऱ्याचा डबा वाजला की ती ताठ उठून बसायची. दरवेळी रॅकून नावाचा खरकट्यासाठी हपापलेला प्राणीच असायचा. पण एखाद्या वेळी नसला तर?

सासूबाईंकडे, म्हणजे नेल्डाकडे, या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. “अगं, ट्रॅव्हिस येईपर्यंत आमच्याकडे राहायला या ना दोघी!”

नेल्डाच्या घरी टीव्ही पहाटे सुरू व्हायचा आणि शेजारच्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. भिंतीवर डेल्बर्टनी मारलेल्या हरणांची मुंडकी रांगेनं लावलेली. ओपल त्यातल्या प्रत्येकाला ‘आजोबा’ म्हणायची. एक रात्र तिथं काढली तरी शेल्बीचं डोकं भिंतीवरच्या रांगेत लावायच्या लायकीचं व्हायचं. आणि त्याहून मोठं म्हणजे, एकदा तिकडे राहायला गेली की ‘शेल्बीला एकटीनं पोर सांभाळता येत नाही’ हे गावाच्या दृष्टीनं कायमचं ठरणार!

तेव्हा पैज लागली.

“सोमवारी सकाळी माझ्या खडीच्या खाणीत ये,” डेल्बर्ट म्हणाले. “दोन डबे गोळ्या माझ्याकडून. तुझं ते खेळणं एकदा जरी अडकलं, तरी तुम्ही दोघी आमच्याकडे. नाही अडकलं, तर मी आणि नेल्डा तोंडाला कुलूप लावू.”

“नेल्डासुद्धा?”

डेल्बर्टनी जरा विचार केला. “माझ्यापुरतं तरी नक्की.”

सोमवारच्या आधी रविवार आला, आणि रविवारी चर्चमधलं सहभोजन. इथे एक गोष्ट सांगायला हवी. चर्चमधल्या बायकांनी हिवाळ्यात स्वसंरक्षणाचा वर्ग केला होता. वर्ग घेणाऱ्याच्या बायकोनं सगळ्यांना एकेक पिशवी विकली होती. तपकिरी चामड्याची, कडेला झालर, मध्ये निळ्या खड्यांचा क्रूस, आणि बाजूला पिस्तुलासाठी चोरकप्पा. चोराला कळू नये की बाईजवळ पिस्तूल आहे, हा त्यामागचा उद्देश! आता गावात तशी पिशवी दिसली की शेंबडं पोरही ओळखायचं. रविवारी चर्चच्या खुंट्यांवर त्या पिशव्या अशा लटकायच्या, की जणू एकाच म्हशीला झालेली जुळी, तिळी आणि उरलेली सगळी भावंडं!

शेल्बीच्या पिशवीत पिस्तुलाशिवाय काहीच नव्हतं. फोन, किल्ल्या, ओले रुमाल, बिस्किटांचा चुरा, असला सगळा संसार ओपलच्या पिशवीत. तिनं पिस्तुलाची पिशवी खुंटीला अडकवली आणि ओपलच्या मागे धावली, कारण ओपल मसालेदार अंड्यांच्या ताटात कोपरापर्यंत शिरली होती. निघताना शेल्बीच्या एका काखेत ओपल, एका खांद्यावर ओपलची पिशवी, दातांत चिकनच्या रिकाम्या भांड्याचं झाकण. राहिलेल्या एका बोटानं तिनं खुंटीवरून पिशवी ओढली, घरी नेली आणि नेहमीप्रमाणे न उघडता कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकून कुलूप लावलं.

सोमवारी नेल्डा ओपलला चर्चच्या पाळणाघरात सोडायला घेऊन गेली, आणि शेल्बी खाणीत पोचली.

“घाबरलीस?” डेल्बर्टनी विचारलं. त्यांच्या कमरेला वडिलांच्या वेळचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. ते त्यांच्या अंगाला इतकं बसलं होतं की आंघोळीच्या वेळीच ते त्यांना सोडून जायचं, आणि तेही नाइलाजानं.

“मी? तुम्ही नेल्डाला पाहुण्यांची खोली झाडायला नाही ना सांगितलं?”

“कालच झाडली.”

शेल्बीनं चोरकप्प्यातून पिस्तूल काढलं आणि समोर मांडलेल्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यांवर नेम धरला. धाड! धाड! धाड! एक मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, संपलं. डेल्बर्टनी त्यात पुन्हा गोळ्या भरून दिल्या. धाड, धाड, धाड! गोळ्यांचा पहिला डबा संपला. डेल्बर्टनी टोपी मागे सरकवली. दुसरा डबा अर्धा झाला. डेल्बर्टनी टोपी काढली. दुसरा डबा संपला तेव्हा ते टोपी हातात घेऊन असे उभे होते, की जणू कुणाच्या दफनाला आलेत!

“एकदासुद्धा नाही अडकलं!” ते पुटपुटले. “दाखव बघू.”

त्यांनी पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं, हुंगलं, हातात तोललं. “पोरी, शब्द मागे घेतो. तू तुझ्या घरी राहा. ट्रॅव्हिसला मी स्वतः सांगतो की तुझी बायको आपल्या दोघांपेक्षा शहाणी आहे.”

शेल्बीला वाटलं, खाणीतल्या खडीवर लोळण घ्यावी! लग्नाला पाच वर्षं झाली, सासऱ्यांनी शब्द मागे घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. खुद्द नेल्डानंसुद्धा!

“तो सेल अजून चालू आहे का गं?” गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं.

“आजचा शेवटचा दिवस.”

“हं,” असं म्हणून डेल्बर्ट धुरळा उडवत निघूनही गेले.

शेल्बीनं विजयाचा एक श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून रुमाल मिळतो का बघायला तिनं सवयीनं पिशवीच्या मोठ्या कप्प्यात हात घातला.

हाताला रुमाल लागला नाही. कवळी चिकटवायचं मलम लागलं.

मग श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या लागल्या. मग लाल पट्ट्यांच्या पेपरमिंटचं भलंमोठं पाकीट. असली पेपरमिंटं गावात एकाच बाईजवळ असत. मिस अर्डिथ! चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या, पोरांनी शांत बसावं म्हणून पिशवीत हात घालून एकेक पेपरमिंट वाटणाऱ्या मिस अर्डिथ. आणि सोमवारी पाळणाघर सांभाळणाऱ्याही मिस अर्डिथच!

शेल्बीच्या पायाखालची खडी सरकली. ही पिशवी मिस अर्डिथची. म्हणजे शेल्बीची पिशवी मिस अर्डिथकडे. शेल्बीचं पिस्तूल शेल्बीच्या पिशवीत. आणि या क्षणी मिस अर्डिथ पंधरावीस पोरांच्या घोळक्यात बसून पेपरमिंटसाठी त्याच पिशवीत हात घालत असणार! पोरांत ओपल. आणि दिसेल तिथं कोपरापर्यंत शिरायची सवय कुणाला? ओपलला!

तिनं खिशातला फोन काढून पाळणाघरात लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. कोण उचलणार? श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या तर शेल्बीच्या मुठीत!

शेल्बीनं गाडी अशी काढली की खाणीतले कावळे उडाले. पुढे रस्ताभर पसरलेला कडब्याच्या गठ्ठ्यांचा ट्रक. चालवणारा हात बाहेर काढून निवांत बोटं हलवतोय. ओक्लाहोमातला तो रामराम; मेल्याशिवाय माणूस त्या बोटांना उत्तर द्यायचं चुकवत नाही. शेल्बीनंही रडत रडत बोटं हलवली आणि शेताच्या कडेनं गाडी पुढे घातली. वाटेत तिनं स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या तिला येतात हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

पाळणाघराच्या दारातून ती आत घुसली ती ओरडतच. “पिशवी! कुणी हात लावू नका! पिशवी!”

पोरं गोल करून गाणं म्हणत होती. ती गप्प झाली. मग ओपलनं, आपली आई आल्याचं बघून, शांतपणे भोकाड पसरलं.

“शेल्बी!” मिस अर्डिथ मोठ्यानं म्हणाल्या. “गाण्याच्या वेळी आरडाओरडा नाही करायचा, हनी.”

“मिस अर्डिथ! पिशवी! कुठाय?”

“ऐकू येत नाही गं. बॅटऱ्या तुझ्याकडे आहेत ना?”

शेल्बीनं बॅटऱ्या दिल्या. मिस अर्डिथनी त्या सावकाश बसवल्या, कान हलवून पाहिला आणि म्हणाल्या, “हं. आता बोल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“काल घरी गेल्यावरच. पेपरमिंट शोधत होते, एकही नाही! शेवटी खुंटीवर आपल्या दोघींच्याच पिशव्या उरल्या होत्या, आणि बॅटऱ्यांशिवाय तुला फोन तरी कसा करणार? तुझी पिशवी ऑफिसातल्या तिजोरीत आहे. मी पिस्तूल घेऊन कधी पाळणाघरात येते का? मला काय वेड लागलंय?”

शेल्बी लहान मुलांच्या एका लाल खुर्चीत कोसळली. खुर्ची तिच्या मापाची नव्हती. ओपल येऊन मांडीवर चढली, तशी शेल्बीनं तिला असं आवळलं की पोर कुरकुरली.

“आणि तसंही,” मिस अर्डिथ आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुझ्या पिस्तुलाला घाबरायचं काही कारण नव्हतं, हनी. त्यात मॅगझिनच नाहीये.”

“काय?”

“रिकामं! नळीतही गोळी नाही. तू चोराला ते फेकून मारणार होतीस की काय?”

शेल्बी आठवू लागली. ओपल कपाटावर चढायला शिकली, त्या दिवशी घाबरून तिनं पिस्तुलातलं मॅगझिन काढून लपवलं होतं. इतकं बेमालूम लपवलं होतं की नंतर ते आहे हेच विसरली! फ्रीजरमध्ये, वाटाण्याच्या पाकिटाखाली. गेल्या कित्येक रात्री ती ताठ बसून रॅकूनवर पहारा देत होती, ते एका लोखंडाच्या तुकड्याच्या जिवावर.

“जाऊ दे,” ती कशीबशी म्हणाली. “पिस्तूल तरी भरवशाचं निघालं. दोन डबे झाडले सकाळी, एकदाही नाही अडकलं.”

“माझं?” मिस अर्डिथ खुलल्या. “अडकेल कसं! तुझ्यासारखंच, त्याच कंपनीचं. नवं आणलं तेव्हा मेलं तिसऱ्याच गोळीला अडकायचं. शेवटी माझ्या भाच्यानं आतल्या स्प्रिंगा बदलल्या, नळी बदलली, काय काय घासलं. आता दुकानातलं त्यात वरचं टरफल तेवढं उरलंय!”

दुपारी मुलं घरी गेली. ओपल नेल्डाच्या स्वाधीन झाली. मिस अर्डिथच्या परसातल्या मातीच्या ढिगाऱ्यासमोर शेल्बी आपलं स्वतःचं, खरंखुरं, दाढीवाल्याचा आशीर्वाद असलेलं पिस्तूल घेऊन उभी राहिली. मॅगझिन गार होतं आणि त्याला एक वाटाणा चिकटला होता. तिनं तो काढला, मॅगझिन पुसून कोरडं केलं आणि मिस अर्डिथकडच्या ताज्या गोळ्या त्यात भरल्या.

धाड! धाड! खट्.

“तिसरी,” मिस अर्डिथ समाधानानं म्हणाल्या.

शेल्बीनं पुन्हा भरलं. धाड! खट्. पुन्हा भरलं. या वेळी तर पहिलीच खट्! दाढीवाल्यानं चिखलात बुडवलेलं पिस्तूल एकच होतं. एका पिस्तुलावरून सगळ्या पिस्तुलांची खात्री देणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्या सांख्यिकीच्या सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं!

आणि नेमका तेव्हा फोन वाजला.

“पोरी!” पलीकडून डेल्बर्ट जवळजवळ गात होते. “घेतलं! शेवटचं एकच उरलं होतं. म्हातारं रिव्हॉल्व्हर देऊन टाकलं बदल्यात. काय हलकं आहे गं! विजार खाली ओढत नाही की काही नाही. आणि ऐक, झाडून बघायच्या भानगडीत मी पडत नाही. तुझे दोन डबे बघितलेत ना मी डोळ्यांनी! ट्रॅव्हिसलाही फोन केला. म्हटलं, बायकोच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.”

“पॉप, एक सांगायचं होतं—”

“काही सांगू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा चुकलोय, मजा घेऊ दे!”

त्यानंतर शेल्बी सांगायला त्यांच्याकडे तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा ते चर्चमधल्या म्हाताऱ्यांना सुनेचं कौतुक सांगत होते. दुसऱ्यांदा नेल्डानं ऐनवेळी केक पुढे केला. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं, आणि पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडंच दिसलं. पलंगावर धुतलेल्या चादरी होत्या आणि उशाशी एक आजोबा, शिंगांसकट. तिनं तोंड मिटलं.

रिव्हॉल्व्हर दुकानदारानं विकलं की अजून आहे, हे ती आडून आडून विचारतेय. तोवर तुमचं कुणाचं त्या बाजूला जाणं झालं, तर खाणीच्या अलीकडचं पांढरं घर क्रचफील्डांचं. म्हातारा ओट्यावर बसलेला असेल, कमरेला नवं छोटं पिस्तूल लावून, जगाला न घाबरता. जरा थांबा, हालहवाल विचारा, आणि ‘चला, दोन बार काढून बघू’ म्हणून त्याला खाणीत घेऊन जा. तीन गोळ्या पुरेत. फक्त शेल्बीचं नाव घेऊ नका!