वळण : शंभरापैकी एक

सकाळी दहा वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर चारशे जीव जागच्या जागी गरगर फिरू लागले. साडेदहाला सूनबाईची पीएचडीची तोंडी परीक्षा होती, घरूनच, लॅपटॉपवर.

घाबरू नका, जीव लॅपटॉपमधलेच! टिपक्याएवढे, मेंदू शून्य. शेजाऱ्याच्या मागे जा, त्याला धक्का देऊ नको, खाणं सापडलं की वाटेवर खूण ठेव, एवढंच त्यांना कळतं. तेवढ्यावर ते आपोआप रांगा लावतात, वाटा पाडतात. हुकूम कोणीच सोडत नाही! हाच सूनबाईचा प्रबंध.

मला हे पटणं शक्यच नव्हतं. या घरात तीन मुलांना आणि एका कुत्र्याला वळण मी लावलंय!

"आणि तुम्हाला कोणी लावलं?" बायकोने विचारलं. मला ते ऐकू आलं नाही.

सूनबाई कपडे बदलायला गेली, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात मला एक चौकट दिसली. 'वळण : १'.

शंभरापैकी एक? माझ्या छपराखाली? मी एकावर दोन शून्यं चढवली. रांगा मोडल्या आणि चारशेच्या चारशे जीव शेपटी धरायला निघालेल्या कुत्र्यासारखे फिरू लागले. पण काय एकजूट! मला भरून आलं.

"बाबा! वळणाला हात लावलात?" दारातूनच सूनबाई किंचाळली.

"मार्क वाढवले."

"मार्क नाहीत हो ते! पावलागणिक किती अंश वळायचं, तो आकडा आहे!"

ती आकडा बदलणार, तोच परीक्षक पडद्यावर हजर. वेळेच्या आधी! काय ही बेशिस्त!

"कोणी हुकूम न देता हे असं होतं?" त्यांनी चष्मा वर केला.

सूनबाईने वळून माझ्याकडे पाहिलं.

"हुकूम देणारे मागे उभे आहेत," बायको म्हणाली.

"कोण हे?"

"माझे सासरे, सर."

"बाहेरचा हात लागलेला प्रयोग मी पास कसा करू? हात न लागलेली प्रत आहे?"

"आहे ना सर! तीन आहेत!" सूनबाईचा चेहरा उजळला. तिने पहिली उघडली. गरगर. दुसरी उघडली. गरगर.

आता, अर्धवट काम मला खपत नाही. एकाला वळण लावायचं आणि भावंडांना मोकाट सोडायचं?

हे लिहितोय, तेव्हा सूनबाई तिसरी उघडतेय. तिच्यात काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. पण मला अजून कोणी विचारलेलं नाही.